घोडीच्या पाठीवरच्या दोन कोरड्या जागा

लिहायची माझी योग्यता नाही हे मला ठाऊक आहे, आणि तरी लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील चौथीपर्यंत शिकलेले. ही हकीकत त्यांच्या हाताची आहे, माझ्या वाट्याला तिच्यातली फक्त चूक येते. पण ते कधी लिहिणार नाहीत, म्हणून मी.

वडील सातारा जिल्ह्यातले. फौजेत त्यांनी खोगिरं शिवली, आणि पेन्शन झाल्यावर चंडीगडच्या कडेला एका घोडेस्वारीच्या शाळेत त्याच कामाला लागले. पंजाबचे ते दहशतवादाचे वाईट दिवस होते. बस सुटेल की नाही, परीक्षा होईल की पुढे जाईल, काही पक्कं नसायचं. तरी आम्ही काही विद्यार्थी रोज सकाळी घोड्यावर बसायला शिकत होतो. त्यात माझा एक वर्गमित्र होता, मुल्लानपूरकडच्या खेड्यातला शीख मुलगा. उंच, लांब पायांचा, सायकलवरून यायचा. तो एका तांबड्या घोडीवर बसायचा आणि तिच्यावर खोगीर चढवायचं काम माझ्याकडे होतं.

त्या थंडीत घोडी पोटाखालचा तंग आवळताना कान मागे पाडू लागली. मला वाटलं, खोगीर टोचत असेल. कुणाला न विचारता मी खाली आणखी एक नमदा घातला. जाड, मऊ लोकरीचा. आपण तिच्यावर उपकार केले अशी माझी समजूत होती. तिसऱ्या दिवशी तिनं मित्राला फेकलं. त्याचा खांदा आठवडाभर दुखत होता. शाळेचे साहेब म्हणाले की घोडी बिघडली आहे. महिन्याभरात जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी होती. तिथं तिनं स्वाराला पाठीवर नीट घेतलं नाही तर तिला पागेतून काढणार होते. काढलेली घोडी टांग्याला जाते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

मी वडिलांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. घोडीला तसंच अर्धा तास पळवून आणायला लावलं, मग खोगीर उतरवलं आणि मला जवळ बोलावलं. सगळी पाठ घामानं ओली होती. फक्त खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढ्या दोन जागा कोरड्या होत्या.

“हितं दाब पडतोय,” ते म्हणाले. “दाब पडला की तिथं घाम येत न्हाई.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “बूट घट्ट हुतो तवा तू दोन मोजं घालतोस व्हय?”

मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी एक मऊ तार घोडीच्या पाठीवर दाबून वाकवली आणि तिचा आकार वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं उतरवला. पहिल्या पानावर त्या दिवसांत काय असायचं ते सांगायला नको. त्यांनी आतलं पान घेतलं. तो कागद कापून कोठीतल्या खोगिरांखाली धरून पाहिला. नवं होतं ते अरुंद, तेच आम्ही वापरत होतो. दुसरं इतकं रुंद की पाठीवर डुलायचं. तिसरं जुनं, कोपऱ्यात पडलेलं, त्याचा सांगाडा कागदावर बरोबर बसला.

मग मित्राची पाळी. खोगीर लाकडी घोडीवर ठेवून त्याला बसवलं. आधीच्या खोगिरात त्याचे गुडघे पुढे जायचे, म्हणून तो मागे सरकायचा आणि सगळं वजन घोडीच्या कंबरेवर टाकायचा, हे वडिलांनी तेव्हा सांगितलं. या जुन्यात तो नीट मध्यावर बसला. मागे चार बोटं जागा उरली. वडील कितीदा तरी त्याचे गुडघे हलवत राहिले, तेव्हा तो मला म्हणाला, “यार, तुझे बाबूजी पँट शिवून देणार आहेत का?”

वडिलांनी ऐकलं. “खोगीर दोघांचं असतंय, पुत्तर,” ते म्हणाले. “तू वाकडा बसलास तर तिनं सरळ कसं चालायचं?”

अडचण एकच उरली. खोगिराच्या आतली लोकर दबून तिचे गोळे झाले होते. नवी लोकर लुधियान्याहून यायची आणि रस्ते बंद होते. तेव्हा आई पुढे झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला फौजेतल्या लोकांच्या मराठी बायका जमल्या, त्यांच्याकडे तिनं जुने स्वेटर मागितले. प्रत्येकातला एक धागा ओढून ती जाळून पाहायची. केसांसारखा वास आला तर खरी लोकर. वितळून मणी झाला तर स्वेटर परत. एका कॅप्टनच्या बायकोचा आवडता स्वेटर असा नापास झाला आणि ती बरेच दिवस आईशी मोजकंच बोलत होती.

मित्रानंही आजीनं दिलेले तीन स्वेटर आणले. वाटेत दोन नाक्यांवर त्याची पिशवी उलटी केली गेली. घोडीसाठी आहेत असं सांगितल्यावर शिपाई चिडला, म्हणे थट्टा करतोस. हे तो हसत सांगत होता, पण पिशवी हातातून सोडत नव्हता. वडिलांनी त्याला चहा दिला आणि स्वेटर उसवायला बसवलं. चार दिवस आम्ही तिघं लोकर पिंजत होतो. ती आत कशी भरायची, कुठे कमी, कुठे जास्त, ते वडील बोटांनी चाचपून ठरवत होते.

तपासणी दुसऱ्या गावच्या मैदानावर होती. वडील, मित्र आणि घोडी ट्रकनं गेले. माझा तीनदा पुढे ढकललेला पेपर नेमका त्याच दिवशी आला, मला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बंद. बस नाही, शेजारचा फोन लागत नाही. आई रोज वडिलांच्या वाटची कणीक मळायची आणि मग पोळ्या शेजारी द्यायची. मला त्या दोघांची काळजी होती, आणि तिच्या आडून घोडीचीही, ती मी आईजवळ बोललो नाही. माझ्या एका नमद्यापायी ती टांग्याला गेली असती.

नवव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. वडिलांचं अक्षर, प्रत्येक शब्दाला पेन थांबलेलं.

“आम्ही दोघं ठीक. बंद उठला की निघतो. घोडीला पागेत ठेवून घेतलं. दोन तास पळवली. खोगीर उतरवून मी बघितलं. घाम सगळीकडं सारखा.”