अर्धी साक्ष

"पुन्हा चाल."

अध्यक्ष म्हणले. शाळा समितीचे अध्यक्ष, घनसावंगीकडच्या आमच्या गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. गॅदरिंग होतं. मी सहावीत. आमचा नाच संपला अन् पोरं एकामागं एक स्टेजवरून उतरून राह्यली होती. अध्यक्ष म्होरं सोफ्यावर. सोफा बी त्यांच्याच घरचा, बैलगाडीतून आणलेला. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ते शेवटचं थांबवा. ए, पुन्हा चाल."

मी चाललो. इकडून तिकडं. मला वाटलं, नाच आवडला असंल.

"आता बाईवाणी पदर घेऊन चाल."

गुरुजींनी कुणाची तरी ओढणी माझ्या डोक्यावर टाकली. गुरुजींनी, बरं का. मी पुन्हा चाललो. अख्खं गाव हसायला लागलं. पाच वेळा चालवलं मला. तिसऱ्या वेळेला मला कळलं की नाच कुणालाच आवडला नव्हता.

माझा बाप त्या शाळेत शिपाई. सोफ्याच्या मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभा. मी बापाकडं बघितलं. बाप हसून राह्यला होता. अध्यक्ष हसले म्हणून हसला, हे मला आज समजतं. आम्ही गावाच्या कडेला राहणारे. आज्यानं ख्रिस्ती होऊन नाव बदललं, गावानं काही आम्हाला दुसऱ्या नावानं हाक मारली न्हाई. अशा माणसाला मालकाच्या म्होरं तोंड वाकडं करता येतं का? पर हसला तो. माझ्यावर हसला.

दुसऱ्या दिवसापासून बाप शाळेच्या रस्त्यानं माझ्याम्होरं चालायचा. फुफाट्यात त्याच्या पावलाचे ठसे उमटायचे. म्हणायचा, "माझ्या ठशावर पाय ठेव. गड्यावाणी चाल." वर्षभर असं चाललो मी. शिकलो बी. सांगून ठेवतो, आजही कुणी बघत असलं की मी बापाच्या पायानं चालतो.

बाप गेला. गावात चर्च न्हाई, आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, पहिल्यापासून जालन्याची, म्हणून आईला घेऊन मी तिकडं आलो. आईला चर्चमध्ये झाडलोटीचं काम मिळालं अन् चर्चच्याच आवारात एक खोली. नळ दाराशी. आजूबाजूला मंडळीतल्या बाया. आईला साखरेचा आजार, पायाला जखम झाली तर सहा महिने भरत न्हाई. त्या बायांनी तिला डबे दिले, अंघोळ घातली, डॉक्टरकडं नेलं. आईला सासर न्हाई, माहेर न्हाई. तिला मंडळी हाय. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं कळंल.

मी कपड्याच्या दुकानात लागलो. साड्यांच्या काउंटरवर. सेठ राजस्थानकडचे, तीन पिढ्यांपासून इथले. त्यांनी पहिल्याच दिवशी एक पैठणी माझ्या खांद्यावर टाकली अन् म्हणले, "नेसून दाखव गिऱ्हाइकाला. घडीतली साडी कुणी घेत न्हाई." जाऊन बघा कुठल्याही मोठ्या दुकानात. मिशीवाले गडी अंगाला साडी लपेटून, निऱ्या काढून, पदर हातावर पसरून उभे असतात, अन् बाया म्हणतात, "जरा वळा बरं मागं." कुणी हसत न्हाई. धंदा हाय ना तो! मी जसा हाय तसा फक्त त्या गादीवर चालत होतो, दहा ते आठ.

अन् मला पोरगं आवडायचं. सांगूनच टाकतो, आडपडदा कशाला. परतूरचा होता. अडत दुकानात लिखापढीला. दर गुरुवारी रेल्वेनं जालन्याला यायचा. चार वर्षं आला. मंग एका गुरुवारी अख्खं खानदान घेऊन आला, आमच्याच दुकानात. बस्ता बांधायला. त्याच्या लग्नाचा. मी इथं असतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं न्हाई, पर मोठ्यांनी दुकान ठरवलं, हा गप बसला. अन् काउंटरवर मी. नवरीचा शालू मी नेसून दाखवला. सात शालू. त्याची आई म्हणली, "ह्याच्या अंगावर लई खुलला, हाच द्या." त्यानं मान वर केली न्हाई. मी बिल करायला पाठवलं, दुकानाच्या मागं गेलो अन् नळ चालू करून रडलो.

ह्याच गोष्टीची मी पुढं कॉमेडी केली. काय करता? संभाजीनगरात दोस्त लोक एका हॉटेलच्या माळ्यावर कार्यक्रम करायचे, तिथं बोलायला लागलो. हळूहळू पन्नास मिनिटांचा एकपात्री झाला. एक साडी, एक स्टूल, अन् मी. शाळेचं चालणं, सेठचं काउंटर, बस्ता. पुण्याला केला, लोक हसून हसून लोळले. जालन्यात कधी केला न्हाई. आईला माहीत नव्हतं. की होतं? आईला काय माहीत असतं अन् काय नसतं, हे देवच जाणे.

मंग आमच्या चर्चला नवे पाळक आले. तरुण, चष्मेवाले, नगरकडचे. त्यांनी माझा मोबाइलवरचा एक तुकडा कुठंतरी बघितला. खोलीवर आले, आईच्या हातची भाकर अन् ठेचा खाल्ला अन् आई नळावर गेल्याचं बघून म्हणले, "आपल्या हॉलमध्ये करा ना."

मी म्हणलो, "साहेब, पाळकी जाईल तुमची."

"मंडळीत सगळ्यांना जागा आहे, असं मी दर रविवारी बोलतो. एकदा करून दाखवू की."

असं मला आजवर कुणी म्हणलं नव्हतं. त्या माणसाचा हात धरून मी बराच वेळ बसलो. अजूनही म्हणतो, माणूस वाईट न्हाई.

रविवार ठरला. उपासनेनंतर कार्यक्रम, मंग प्रीतिभोजन. बायांनी सकाळीच पुलावाची तयारी मांडली. फाटकावर फळा लावला होता, खडूनं लिहिलेला. त्यावर "विशेष साक्ष" असं लिहून खाली माझं नाव. एकपात्री हा शब्द कुठंच न्हाई. मी म्हणलो, असू दे, त्यांचा शब्द हाय. तिथंच चुकलो मी.

हॉल भरला. सतरंजीवर डाव्या हाताला बाया, उजव्या हाताला बाप्ये. आई पहिल्या रांगेत, पांढरी साडी, डोक्यावर पदर. साडी हातात घेतली अन् सुरू झालो.

काय हसले लोक! पुण्याचे काय हसतील असे. सेठची नक्कल केली तर एक मावशी सतरंजीवर आडवी झाली. शाळेचं चालणं दाखवलं तव्हा हसले, अन् बापाच्या तांब्यापाशी आलो तर एकदम चूप. बस्त्याच्या गोष्टीला बाया पदर तोंडाला लावून रडल्या. "अगं बाई, लेकराला किती सोसावं लागलं," असं कुणीतरी म्हणलं, मला ऐकू आलं. मी उघड बोललो, "मला पोरगी आवडत न्हाई. पोरगं आवडतं. पहिल्यापासून." कुणी उठून गेलं न्हाई. आई बघून राह्यली होती, डोळे भरलेले, पर बघून राह्यली होती. मला वाटलं, झालं. चाळीस वर्षांचा झालो तव्हा का होईना, मला माझं घर भेटलं.

साडीची घडी घातली. स्टुलावर ठेवली. वाकून नमस्कार केला.

टाळी न्हाई.

कुणी हललंच न्हाई. सगळे माझ्याकडं बघून राह्यलेले, चेहऱ्यावर माया. काहींनी तर डोळे मिटून हात जोडले होते. मला कळंना. मी पुन्हा वाकलो.

मंग अण्णा उठले. अण्णा म्हणजे पंच कमिटीचे मोठे, रिटायर हेडमास्तर, त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत न्हाई. जवळ आले, माझा हात दोन्ही हातांत घेतला. मायेनं. म्हणले, "पुढं सांग, बाळा."

"पुढं काय, अण्णा?"

"प्रभूनं तुला बरं कधी केलं, ते."

मी पाळकसाहेबांकडं बघितलं. त्यांनी खाली बघितलं. तव्हा मला फळा आठवला.

आमच्यात साक्ष कशी असते, ते ज्याला माहीत न्हाई त्याला सांगतो. माणूस उभा राहतो. म्हणतो, मी दारू प्यायचो, बायकोला मारायचो, नालीत पडायचो. लोक हसतात, हळहळतात. जितका जास्त चिखल तितकी साक्ष चांगली. मंग म्हणतो, एके दिवशी प्रभूनं हाक मारली, अन् सुटलं सगळं. हालेलुया होते, मंग टाळ्या, मंग जेवण. लहानपणापासून ऐकलंय मी. शेवटाशिवाय साक्ष नसते. अन् हे लोक तासभर माझ्या चालण्यावर, माझ्या प्रेमावर, माझ्या सात शालूंवर पोटभर हसले होते, रडले होते, ते ह्या शेवटाच्या भरवशावर. त्यांना वाटलं, लेकरू चिखल सांगून राह्यलंय.

बाया उठल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवायला. प्रार्थनेला. "आजच होऊ दे, प्रभू, आत्ताच होऊ दे." दहा-बारा हात. ऊबदार, कांदा-लसणाच्या वासाचे, ज्यांनी माझ्या आईला अंघोळ घातली ते हात. मारायला उठले असते तर मी बी दोन ठेवून दिल्या असत्या. ह्याला काय करायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

अन् आई उठली. गुडघ्यावर हात टेकत, त्या दुखऱ्या पायानं. बायांच्या मधून आली, माझं तोंड ओंजळीत धरलं. हळूच म्हणली, "म्हण ना रे. एकदा म्हण. एवढंच तर म्हणायचंय."

खोटं सांगत न्हाई, शब्द तोंडात आला होता. झालो बरा. दोन शब्द. टाळ्या झाल्या असत्या, पुलाव वाढला असता, आईची मान ताठ झाली असती. खोटं काय, जन्मभर बोललोय मी. पर आजवर खोटं बोललो ते लपून. हे उजेडात, माझ्याच तोंडून, माझ्याच गोष्टीला. अध्यक्षांनी चाल म्हणलं तर मी चाललो होतो. तव्हा अकरा वर्षांचा होतो मी.

मी आईचे हात काढले. माइक घेतला. म्हणलो, "अण्णा, मी आजारी नव्हतोच. माझी साक्ष झाली."

अण्णांनी माझा हात सोडला. चिडले न्हाईत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरं पाणी. म्हणले, "मंग आम्हाला कशाला ऐकवलंस?"

हे लागलं. अध्यक्षांचं पाच वेळा चालवणं लागलं नव्हतं, इतकं लागलं.

पुलाव दिला त्यांनी मला. बरं का, उपाशी न्हाई ठेवलं. एका मावशीनं वर तूप सोडलं अन् म्हणली, "आम्ही प्रार्थना सोडणार न्हाई, होशील बरा." लई गोडीनं म्हणली. पाळकसाहेब बाजूला घेऊन म्हणले, "साक्ष म्हणलं नसतं तर पंचांनी परवानगी दिली नसती. तुमच्यासाठीच केलं हो."

मी म्हणलो, "साहेब, मला तर विचारायचं होतं. दार उघडलंत, पर चौखट बुटकी ठेवली. वाकून या म्हणून."

त्यांना बी वाईट वाटलं असंल. वाटू दे.

खोलीवर आलो तर आई भिंतीकडं तोंड करून बसलेली. जेवायला आली नव्हती. मी बाजूला बसलो. ती म्हणली, "बोलला असतास तर काय बिघडलं असतं?"

"आई, तुला कोणता पोरगा पायजे? बरा झालेला, का मी?"

ती लगेच बोलली न्हाई. बोलली असती, माझ्या बाजूनं बोलली असती, तर मी तिला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. ती म्हणली, "मला मंडळीत बसायचंय रे. म्हातारपणी कुठं जाऊ?"

आईला मी दोष देत न्हाई. पर त्या दिवशी मला आई असून पोरकं वाटलं, हे बी खरंच हाय. त्या खोलीत आम्ही दोघं बसलो होतो अन् दोघांना एकमेकांचा काही उपेग नव्हता.

आठवड्यानं निरोप आला. खोली काढून घेणार न्हाईत, आईचं काम बी राहील. फक्त एखाद्या रविवारी येऊन साक्ष पुरी करून जा म्हणले, घाई न्हाई, वाट बघतो. किती चांगले लोक! शिव्या दिल्या असत्या तर उलटून शिव्या दिल्या असत्या. हे वाट बघतात.

दोस्त म्हणतात, सोड ते चर्च, पुण्याला ये. का येऊ? माझा बाप्तिस्मा त्या मंडळीतला. बापाला माती त्यांनी दिली. माझी आई तिथं फरशी पुसते. मी काय पाहुणा हाय, उठून जायला?

मी दर रविवारी जातो. बाप्यांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत. उपदेशानंतर अण्णा विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची हाय?" मी हात वर करतो. अण्णा माझ्यावरून नजर फिरवतात अन् दुसऱ्याला उठवतात. आई मान खाली घालते. पहिल्या रविवारी घातली, दुसऱ्या बी, काल बी घातली. ती मान बघून काळीज तुटतं माझं, पर हात खाली येत न्हाई.

पुढच्या रविवारी बी वर करीन. कधी तरी अण्णांना मला उठवावं लागंल. उठवलं की तेवढंच सांगीन, शाळा, काउंटर, बस्ता, अन् खाली बसेन. मी मेल्यावर माझ्या पेटीपाशी उभं राहून कुणाला म्हणायचं असंल तर म्हणा की हा बरा झाला. जित्तेपणी माझ्या तोंडून ते निघणार न्हाई. आईनं पाय धरले तरी न्हाई.