सकाळी सातचं इन्सुलिन

सात वाजले की मागच्या दाराची कडी वाजल्याचा मला अजून भास होतो. आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, इतकी आठवण येते की हातातलं काम राहतं.

सीमाभागात, शहापुरातल्या आमच्या घरी कुत्र्याला साखर झाली हे आधी मुंग्यांनी सांगितलं. तो मुतला की तिथं रांग लागायची. डॉक्टरांनी दोन वेळा इन्सुलिन सांगितलं. आधी पोटभर खाणं, मगच सुई. मी वैतागले. माणसांचं करून जीव मेटाकुटीला आलाय, त्यात हे! पण आप्पांनी सगळं अंगावर घेतलं. ताट घेऊन परसात जायचे आणि दार लावून घ्यायचे. ‘कुणी यायचं न्हाय. बुजतंय ते.’

‘मंत्र म्हणता व्हय आप्पा?’ मी चिडवायची. ते हसायचेसुद्धा नाहीत.

आप्पा कट्टर मराठी. कचेरीत कुणी कानडी अर्ज पुढं केला तर तसाच मागं सारायचे. घरात कानडी शब्द काढायची सोय नव्हती.

ते दवाखान्यात होते त्या दोन दिवसांत कुत्र्यानं कसंबसं अर्धं खाल्लं. ते गेले आणि त्यानं ताटच सोडलं. उपाशीपोटी सुई दिली तर साखर एकदम उतरेल, आणि असंच चाललं तरी तो जगायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला सुतक, म्हणून शेजारच्या आक्कांनी चिकन उकडून आणलं. मी हातानं भरवलं, गोंजारलं, शेवटी शिव्या घातल्या. ‘खा रं मुडद्या! त्यांच्या मागनं तूबी जाणार काय?’ तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

आक्का म्हणाल्या, ‘अगं, त्याला मराठीत काय सांगतीस? सदलग्याच्या कानडी घरातलं पिल्लू ते. तुझे सासरे रोज कानडीतच बोलायचे की! भिंतीपलीकडं ऐकू यायचं. बा मगा, उण्णु, म्हणायचे. ये बाळा, जेव.’

इतकी वर्षं या घरात राहून आप्पांचा तो आवाज मी ऐकलाच नव्हता. एकदा तरी ते दार ढकलायला हवं होतं.

मी खाली बसले. ‘बा,’ म्हटलं. लाज वाटली. पुन्हा म्हटलं, ‘बा मगा, उण्णु.’

त्यानं मान वळवली. आधी माझ्यामागं दाराकडं बघितलं, मग उठून आला. ताट चाटूनपुसून खाल्लं. मी मानेची कातडी चिमटीत धरून सुई दिली.

वर बघितलं तर दारात नवरा उभा.

‘आप्पा शेवटी हेच म्हणत हुते,’ तो म्हणाला. ‘बा, बा. मला वाटलं, त्यांच्या बापाला, आज्ज्याला हाक मारतायत. मी त्यांचा हात धरून म्हटलं, व्हय आप्पा, तुमचा बा आलाय, जावा आता.’