बिराजीने मागितलेला राउटर

खडूने जमिनीवर चित्र काढल्याशिवाय बिराजी कुठल्याही यंत्राला हात लावत नसे. कॉम्प्युटर रूमच्या फरशीवर मांडी घालून तो कुठली वायर कुठून कुठे जाते ते रेखाटायचा आणि मग म्हणायचा, "आता दिसलं. आता हात घालू." मॅनेजरसाहेब केबिनमधून उठून ते चित्र बघायला येत. माझे टाइप केलेले अहवाल मात्र त्यांच्या टेबलावर आठ-आठ दिवस पडून असत. मला ते झोंबायचं.

मी पुण्याचा इंजिनिअर, कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. तो बिडकीनजवळच्या मेंढपाळांच्या घरातला, आयटीआय करून वायरमन म्हणून लागलेला. शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी मॅन्युअल वाचायचा. वर्षभरात लोक अडचण घेऊन माझ्याऐवजी त्याच्याकडे जाऊ लागले. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत कॅन्टीनच्या टेबलांवरही तट पडले होते. बिराजी ताट घेऊन जागा असेल तिथे बसे आणि सगळे त्याला सरकून जागा देत. मला कुठल्याच टेबलावरून कधी हाक आली नाही.

आमच्या चिकलठाण्याच्या कारखान्याला वाळूजचा नवा कारखाना जोडायचा होता. दोन्हीकडे कॉम्प्युटरचं वेगवेगळं जाळं, मध्ये टेलिफोनची एक संथ लाइन. मी म्हटलं, ब्रिज बसवू. दोन्हींचं एकच जाळं होईल, एकाही मशीनचा पत्ता बदलायला नको. बिराजी राउटर मागत होता.

"सर, ब्रिज टाकला तर इकडची हाळी तिकडं आन् तिकडची इकडं," तो मीटिंगमध्ये म्हणाला. "एकानं हाळी दिली की समद्या मशिनी ऐकत बसतील. लाइन तर लई बारीक हाय. राउटर म्हंजी वेशीवर बसवलेला माणूस. ज्याचं काम पलीकडं, त्यालाच सोडायचं."

साहेब मान डोलावू लागले. त्याचं बरोबर आहे हे मला कळत होतं, म्हणूनच मी आवाज चढवला. "आता वायरमन ठरवणार का जाळं कसं जोडायचं?"

साहेबांनी माझ्या कागदावर सही केली. ब्रिज बसला.

दीड महिन्याने, शहर बंद असलेल्या एका दिवशी, वाळूजच्या एका मशीनमधलं नेटवर्कचं कार्ड बिघडलं आणि हाळ्यांवर हाळ्या देत सुटलं. दोन्ही कारखान्यांतले कॉम्प्युटर ठप्प. माल तयार, पण गेटपास निघेना. रस्त्यावर ना बस, ना रिक्षा. मुकुंदवाडीत राहणारा बिराजी सायकलवर आला, ब्रिजची केबल काढून त्याने चिकलठाण्याचं काम सुरू करून दिलं आणि तसाच शहर ओलांडून वाळूज गाठलं. एकेक मशीन जाळ्यातून सोडवत दुपारपर्यंत त्याने ते कार्ड शोधलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळ्यांना उभं केलं. "हा ब्रिज कुणी ठरवला?"

मी काही बोलायच्या आत बिराजी म्हणाला, "आमी दोघांनी, सर. आता राउटर टाकू."

त्याने माझं नाव सांगितलं असतं तर मी त्याचा सुखाने द्वेष केला असता. आता त्याच्या मोठेपणाचाही हेवा करणं आलं.

राउटर बसला, पुन्हा कधी दोन्हीकडचं काम एकदम अडलं नाही. पुढे पुण्याच्या एका कंपनीत त्याने अर्ज केला आणि माझ्याकडे शिफारशीची चिठ्ठी मागितली. मी टाइप केलं, 'उमेदवार हुशार आहे.' बराच वेळ त्या शब्दाकडे बघितलं. मग तो पांढऱ्या शाईने झाकला, त्यावर 'कष्टाळू' टाइप केला आणि पाकीट बंद केलं.

तरी नोकरी त्याला मिळाली. निरोप घ्यायला तो घरी आला.

"सर, तिथल्या साहेबांनी तुमची चिठ्ठी दाखवली. कष्टाळू लिवलंय तुमी."

"मग? नाहीस का?"

"व्हय की. खोटं काय नाय त्यात." तो जरासा हसला. "पण सर, कागद उजेडात धरला का खालचा शब्दबी दिसतो."

मग तो माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला अडवायला हवं होतं. मला हात उचलता आला नाही.