थोरलीच्या नोंदीची कॉपी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, देव जाणे.

नौपाड्यात एका वधू-वर सूचक मंडळात मी कॉम्प्युटरचं बघायचो. नावनोंदणीची पर्ल स्क्रिप्ट, म्हणजे तो सगळा प्रोग्राम, माझा. प्रत्येक स्थळाचा एक हॅश, म्हणजे माहितीचा एक कप्पा, त्याच्या आत दुसरा हॅश — घरची माहिती, वैवाहिक स्थिती, अपेक्षा. भारी मिजास होती मला तिची. कोणी नावं ठेवलेली खपायची नाहीत.

टायपिंगला वंदनाताई. पन्नाशीच्या, मोहन्याहून यायच्या. त्यांची कधी वेलांटी चुकली नाही.

डोंबिवलीच्या दोन बहिणी होत्या. थोरलीची नोंद आधीच झालेली. धाकटी घटस्फोटित, ती नंतर आली. घर एकच, म्हणून मी सोय करून दिलेली — थोरलीची नोंद कॉपी करा, वेगळं असेल तेवढं बदला. पण कॉपी वरवरचीच व्हायची. आतला हॅश दोघींत एकच राहायचा. एका घराच्या दोन किल्ल्या केल्या म्हणून घरं दोन होतात का? वंदनाताईंनी धाकटीपुढे ‘घटस्फोटित’ टाइप केलं, ते थोरलीलाही लागलं. तिचा छापील कागद तसाच मुलाकडे गेला. ठरत आलेलं लग्न मोडलं. टायपिंगची चूक म्हणून सांगितलं, तर मुलाकडचे म्हणाले, ‘अशी बरी चूक होते!’

मुलीची आई ऑफिसात येऊन रडली. “माझंच बोट चुकलं असेल हो,” म्हणत वंदनाताईंनी त्या बाईंचे पाय धरले.

मी शेजारच्याच खुर्चीत बसलेलो. आणि — मला माहीत होतं. जेवणाआधीच स्क्रिप्ट उघडून बघितलेली. तोंड उघडायला काय झालेलं मला? नोकरी जाणार होती? छे, मला कोण काढतंय! लाज वाटली फक्त. एवढा शहाणा म्हणवणारा मी, आणि नवशिक्याची चूक... एवढ्यासाठी गप्प बसलो.

संध्याकाळी स्क्रिप्टमधली एक ओळ गुपचूप बदलली. वंदनाताईंनी त्याच महिन्यात काम सोडलं. कोणी काढलं नव्हतं त्यांना.

गेल्या वर्षी कल्याणला भाजी घेताना भेटल्या. टायपिंग करता का कुठे, मी विचारलं.

“नाही रे बाबा. आता किराणाची यादीसुद्धा सुनेकडून तपासून घेते. माझ्या हाताचा काही भरवसा नाही.”

“चांगलं करता,” मी म्हणालो.