पोचवायला आली आणि गाडीत बसली

मंगल गेली त्याला आज वर्ष झालं, आणि मला अजून तिचा रागच येतोय.

रहिमतपूरजवळच्या गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. बारावी सायन्सला दोघी पास. मी चांगल्या मार्कांनी, मंगल काठावर.

मला साताऱ्याला बीएस्सी करायचं होतं. वडील, म्हणजे अण्णा, मिलिटरीतून रिटायर्ड. त्यांची ऑर्डर निघाली, "एकटी पोरगी रोज एसटीनं जाणार न्हाई. विषय संपला."

मी रडले, जेवण सोडलं. अण्णा ढिम्म.

मग एका सकाळी मंगल आमच्या सोप्यात येऊन बसली.
"आवं अण्णा, एकटी कुटं? मी बी जाणार हाय की. कवाच ठरलंय."

हे ठरलेलं मलाही तेव्हाच कळलं!
हिला फलटणला मावशीकडं राहून शिवणकाम शिकायचं होतं. केमिस्ट्रीच्या नुसत्या वासानं हिला मळमळायचं.

अण्णांनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाले, "दोघी हायसा तर जावा."

कॉलेजच्या लॅबमध्ये तर तिची कमालच. सल्फेटच्या प्रॅक्टिकलला बेरियम क्लोराइड थेंब थेंब घालायचं असतं. आमच्या या बाईसाहेबांनी एका दमात ओतलं. पांढरा साका, म्हणजे गाळ, तळाशी बसला खरा, पण त्याचं वजन जास्त भरलं.

"आवं सर, जास्त आलं तर चांगलंच की!"

सरांनी कपाळाला हात लावला. "अगं, घाई केलीस. साका बसताना पाण्यात विरघळलेलं दुसरंही काहीबाही घेऊन बसला. को-प्रेसिपिटेशन म्हणतात याला. जे एकटं कधी खाली बसलं नसतं, तेही सोबत मिळाली की बसतं."

"म्हंजे आमच्या स्टँडवर हुतंय तसं," मंगल म्हणाली. "गाडी लागली की रेट्यात पोचवायला आलेलं माणूस बी आत!"

अख्खी लॅब हसली. सरसुद्धा.

मंगल बीएस्सी झाली. काठावरच. मग फलटणला लग्न, आणि एकदाचं तिचं शिवणकामाचं दुकान.

मी एमएस्सी करून सांगलीत पाणी तपासायच्या लॅबमध्ये लागले. इथं मंगलची ती चूक आम्ही मुद्दाम करतो.
पाण्यात शिसं असलं तर इतकं थोडं असतं की ते आपलं आपण तळाशी बसत नाही. मग लोखंडाचा क्षार टाकायचा, वरून अमोनिया. तांबूस साका धरतो आणि खाली बसताना शिशालाही घेऊन बसतो. तो गाळून घ्यायचा, मग मोजायचं.

फोनवर ती दरवेळी विचारायची, "काय गं शैले, अजून गाडीत माणसं कोंबतीस व्हय?"

तिच्या आजारपणात फलटणला भेटायला गेले, तर म्हणाली, "अंधार पडतोय. नीघ आता. गाडी चुकंल तुजी."
मी म्हटलं, राहते ना आज.
"न्हाई म्हणते न्हवं? नीघ."

मी निघाले. सकाळी सांगलीत तिच्या मुलाचा फोन आला.

मंगे, तू मला पोचवायला आलीस आणि तीन वर्षं माझ्यासोबत गाडीत बसलीस, नको असलेलं शिकलीस.
तुला पोचवायला मी आले, तर मला खाली ठेवून एकटीच गेलीस.

म्हणून राग आहे. लय राग आहे.

नीट जा गं.