बंद यंत्र बंदच दिसलं पाहिजे

रामटेके बाईंची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या ओरडण्यातून झाली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूरच्या तंत्रनिकेतनात मी नवा अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो होतो. प्रयोगशाळेत बाई शिकवत होत्या: तारांची एकच जोडी, तिच्यावर अनेक यंत्रं, आणि ज्याला हाक येईल त्यानंच बोलायचं. मी मध्येच तोंड घातलं. "तुमाले कोनी हाक देली? मंग काऊन बोलून राह्यले?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या 'मृदू स्वभावा'वर बरंच छापून येणार आहे, असं ऐकतो. ते साफ खोटं आहे. बाई रागीट आहेत, आणि त्या रागाचं आम्ही देणं लागतो.

सावली तालुक्यातल्या एका मोठ्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाण्याची पातळी मोजणाऱ्या पेट्या बसवायचं काम बाईंनी अंगावर घेतलं होतं. पाळीवर वीज नव्हती, पेट्या बॅटरीवर चालायच्या. म्हणून बाईंनी तेव्हा नव्यानेच आलेल्या, अगदी कमी वीज खाणाऱ्या चिप्स निवडल्या. दोन तारांमधल्या विजेच्या दाबाचा फरक तेवढा त्या वाचत. आकाशातल्या विजेचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच चढे, त्यामुळे फरकात तो उरत नसे. पेट्यांचे आकडे तारेवरून पाळीवरच्या चौकीतल्या पडद्यावर उमटायचे. त्या पडद्याबद्दल बाईंचा एकच हट्ट होता. पेटीकडून उत्तर आलं नाही, तर आकडा पुसला गेला पाहिजे.

पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी दोन्ही गोष्टी बदलल्या. गोदामात जुन्या, भरपूर वीज खाणाऱ्या चिप्स पडून होत्या, त्याच लावल्या. उद्घाटनाला पाहुणे येणार, कोरा पडदा बरा दिसत नाही, म्हणून शेवटचा आकडा तसाच ठेवायला सांगितलं. वर, आता मशीन आहे म्हणून चौकी पाळीवरून गावात हलवली. बाई भांडल्या. 'बाईंना सगळ्यातच खोट दिसते' म्हणून त्यांना वाटेला लावलं.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, नुकताच आटोपला होता. पावसाची झड लागली, आणि तरी चौकीतून चंद्रपूरला येणाऱ्या निरोपात आकडा तोच. "पानी पडून राह्यलं अन् आकडा हालत नाई?" म्हणत बाईंनी मला ओढत एसटीत बसवलं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी पाळीच्या माथ्याला टेकलं होतं. चौकीदार देवाजीभाऊ पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, मशीन तं बराबर दाखवून राह्यली." पेट्यांच्या बॅटऱ्या केव्हाच संपल्या होत्या. तलावाची दारं उघडली, गाव टेकडीवरच्या शाळेत नेलं. माणसं वाचली, रोवणा वाहून गेला.

आणि निलंबित कोण झालं? देवाजीभाऊ! ठपका काय, तर पाण्यावर नजर ठेवली नाही.

बाई त्या पेट्या आणि चौकीतला पडदा घेऊन थेट साहेबांच्या कचेरीत शिरल्या. नवी बॅटरी लावून टेबलावरच जोडणी केली. "साहेब, या चिपवर बोट ठेवा." साहेबांनी ठेवलं आणि लगेच उचललं. "गरम हाये नं? बॅटरी इथी गेली." मग बाईंनी तार उपटली. पडद्यावरचा आकडा तसाच. "आता सांगा, देवाजीभाऊनं काय पाहाले पाहिजे होतं?"

देवाजीभाऊंना कामावर घ्यावं लागलं. निलंबनाच्या काळात त्यांची लेक बाईंच्या घरी राहून, रोज बोलणी खात, मॅट्रिक झाली. बाईंची बदली मात्र गडचिरोलीला झाली, आणि साहेब हारतुरे घेऊन निवृत्त झाले.

त्याच साहेबांचा शुभेच्छासंदेश या ग्रंथासाठी आला आहे. तलावाची योजना 'यशस्वी' झाली आणि बाईंचं 'सहकार्य लाभलं', असं त्यात लिहिलं आहे. मी तो फाडणार होतो. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "छापा. अजून जुनाच आकडा दाखवून राह्यले."

बाई, तुम्हाला निरोगी शंभरी लाभो. औषधं वेळेवर घ्या, पण राग आवरा म्हणणाऱ्या डॉक्टरांचं तेवढं ऐकू नका. तुम्ही ओरडायचं थांबलात, तर इकडचे सगळे पडदे पुन्हा 'ठीक आहे' दाखवू लागतील.