रेशमाचा विटाळ

नव्वदच्या दशकात बंगळूरला आम्ही काही जण दर शनिवारी संध्याकाळी चिकपेटेत, रेशमी साड्यांच्या बाजारात, पाट्या धरून उभे राहायचो. एका रेशमी साडीसाठी हजारो किडे जिवंत उकळले जातात, असं त्या पाट्यांवर इंग्रजीत आणि कन्नडात लिहिलेलं असे. बायका ते वाचत वाचत दुकानात शिरत आणि पिशव्या घेऊन बाहेर पडत. एका दुकानाचे मालक तर आम्हाला कॉफी पाठवायचे, इतका आमचा धाक! सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आम्हाला जमवणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त बाई म्हणायच्या, "किड्याची कुणाला दया येत नाही. दुसरं काहीतरी शोधा." मलाही ते पटत होतं, पण दुसरं काय, ते सुचत नव्हतं.

ते सापडलं आमच्याच घरात. आमचं घराणं इथलं जुनं, मराठी बोलणारं पण निम्मं कानडी झालेलं. सोवळं मात्र कडक. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या व्रताच्या आदल्या दिवशी आईनं दांडीवर वाळत टाकलेल्या सुती सोवळ्याला माझा हात लागला आणि ती कडाडली, "शिवलीस? आता परत भिजवायला हवं. रेशीम असतं तर चाललं असतं, त्याला विटाळ नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "रेशीम म्हणजे उकळून मारलेले किडे. मेलेल्याला शिवलं की आंघोळ करतेस आणि मेलेलंच नेसून देवापुढे बसतेस?"

आईनं ट्रंकेतून काढून ठेवलेली रेशमी साडी घडी करून परत आत टाकली आणि दुसऱ्या दिवशी पूजेला ओलेत्यानं बसली. इतक्या वर्षांत माझं बोलणं कुणाच्या तरी आत शिरलं होतं. मला आनंद आवरेना. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हेच! आता पाट्या जाळा."

मग मी आमच्या गल्लीत घरोघरी हळदीकुंकवाला जायला लागले. जीवदया, हक्क, क्रौर्य हे शब्द घरीच ठेवले आणि फक्त विटाळाबद्दल बोलले. मराठी घरांत मराठीतून, शेजारच्या घरांत कन्नडातून. बायका शहारायच्या. "अय्यो, मग इतकी वर्षं आपण प्रेताचंच नेसलो की गं!" पुढच्या सणांना आमच्या गल्लीत सुती साड्या दिसू लागल्या. बाईंनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि मी फुगले.

आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई गल्लीतल्या आणखी काही घरांतही कामाला जायची. दुपारनंतर ती शहराबाहेरच्या एका शेडमध्ये कोष उकळून धागा काढायचं काम करायची. गरम पाण्यानं तिची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजवर कुणाचं त्यानं काही अडलं नव्हतं.

आता अडलं. एका घरानं तिनं घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडायला सुरुवात केली. दुसऱ्यानं तिला अंगणातच थांबवलं, तिसऱ्यानं काढूनच टाकलं. मग आमच्या आईनंही तिला "स्वल्प दिवस नको येऊस" म्हणून सांगितलं. मी आईशी कडाकडा भांडले. म्हटलं, मला हे म्हणायचं नव्हतं.

"मग काय म्हणायचं होतं?" आईनं शांतपणे विचारलं. "मेलेल्याचा विटाळ असतो, हे तूच सांगितलंस. ती तर स्वतःच्या हातानं मारते."

ती बाई मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. "एनु तप्पु माडिदे, अक्का?" माझं काय चुकलं, एवढंच तिनं विचारलं. तुझं काही चुकलं नाही, मी म्हणाले. मग काम का नाही, ती म्हणाली. आतून आईनं हाक मारली, तिला पायरीवरून खाली उभं राहायला सांग म्हणून.

मी पुन्हा त्याच घरांत गेले. माणसाला विटाळ नसतो, असं सांगायला लागले तर बायका हसल्या. एक वहिनी म्हणाल्या, "सरी, सरी, बरं बाई. किड्याचा होतो आणि माणसाचा होत नाही होय?" दयेच्या नावानं जी दारं वर्षानुवर्षं बंद राहिली, ती विटाळाच्या नावानं पटकन उघडली होती. पण आत जे बसलं होतं, ते माझ्यापेक्षा फार जुनं होतं आणि माझं ऐकणारं नव्हतं. नवे मार्ग हवेत, हे मला आजही पटतं. मला एकही सापडलेला नाही.

तिची घरकामं सुटली, तशी ती पूर्ण दिवस त्या शेडमध्येच राहू लागली. म्हणजे मी वाचवायला निघालेले किडे तिच्या हातून आता दुपटीनं मरत होते.

पुढच्या वरमहालक्ष्मीला भटजींनी निर्वाळा दिला, रेशीम मुळातच शुद्ध, शंका नको. बायकांनी गल्लीतल्या सगळ्या ट्रंका उघडल्या. आईही रेशमी साडी नेसून पूजेला बसली. मी तिला विचारलं, आता त्या बाईला परत बोलवायचं ना?

"कशाला?" आई निरांजन लावत म्हणाली. "नवी बाई चांगली आहे की."